किती जवळ म्हणजे फार जवळ? मद्रासमधल्या एका नकाशाची गोष्ट

आज विज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट आहे. राजे नाहीत, लढाया नाहीत, पण एक वाद आहे, आणि तो मस्त आहे.

वादाचा मुद्दा एका ओळीत सांगतो. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात?

बस्स, एवढंच. १९५५ साली या प्रश्नावरून एका बाजूला केंब्रिजचे फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच होते. क्रिक म्हणजे तेच, दोन वर्षांपूर्वी वॉटसनबरोबर डीएनएची रचना सांगून जगभर गाजलेले. दुसऱ्या बाजूला होते मद्रास विद्यापीठातले तिशीतले एक प्राध्यापक, जी. एन. रामचंद्रन. केंब्रिजचं म्हणणं होतं, तुमच्या मॉडेलमध्ये काही अणू फार जवळ आलेत, असं होऊ शकत नाही.

आता अशा वेळी माणूस काय करतो? एकतर चिडतो, नाहीतर गप्प बसतो. रामचंद्रन यांनी तिसरंच काहीतरी केलं. त्यातून जे निघालं ते आज, सत्तर वर्षांनंतरही, जगातली प्रत्येक नवी प्रोटीन रचना तपासायला वापरलं जातं. एआयने बनवलेलीसुद्धा.

आधी थोडं बेसिक

बायोलॉजी दहावीनंतर सोडली असेल तरी चालेल. मीही कॉम्प्युटरवालाच आहे.

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची माळ. मणी २० प्रकारचे. दोन मणी जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मण्याचा जो भाग माळेत उरतो त्याला रेसिड्यू म्हणतात, म्हणजे अवशेष. मायोग्लोबिन नावाचं, स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवणारं छोटंसं प्रोटीन आहे, त्यात असे १५३ रेसिड्यू आहेत.

पण ही माळ गळ्यात घातल्यासारखी सरळ लोंबत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळून एक ठरावीक आकार घेते. त्या आकारात माळेतला चौथा मणी आणि नव्वदावा मणी शेजारीशेजारी येऊन बसू शकतात. क्रमाने लांब, पण जागेवर जवळ. यालाच म्हणायचं कॉन्टॅक्ट, संपर्क. प्रोटीन कसं काम करतं, कुठे मोडतं, औषध त्याला कुठे चिकटतं, हे सगळं बऱ्याच अंशी या संपर्कांवर ठरतं.

आता गंमत बघा. संपर्काचे प्रश्न दोन आहेत. पहिला, कोण कोणाच्या पुरेसं जवळ आहे? दुसरा, कोणी नको इतकं जवळ तर आलं नाहीये ना? आपला इतिहास दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो आणि मग पहिल्याकडे जातो.

अंतर मोजायचं एकक आहे अँगस्ट्रॉम. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण अँगस्ट्रॉमच्या दशांशावर आहे.

मद्रास, १९५२

रामचंद्रन यांचा जन्म १९२२ चा, एर्नाकुलमचा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते आले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला, आणि मग सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली भौतिकशास्त्राकडे वळले. ब्रांच बदलायचा विचार करणाऱ्यांनी नोंद घ्यावी! पुढे केंब्रिजला जाऊन आले, आणि १९५२ मध्ये, वयाच्या तिशीत, मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

त्याच सुमारास ब्रिटनचे जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. क्ष-किरणांनी रेणूंची रचना शोधणाऱ्यांमधलं हे फार मोठं नाव. त्यांच्याशी बोलताना विषय निघाला कोलॅजनचा. कोलॅजनची नीट पटेल अशी रचना अजून कोणाला सापडलेली नव्हती. लायनस पॉलिंग आणि कोरी यांनी १९५१ मध्ये एक रचना सुचवली होती, पण ती टिकली नाही. पॉलिंग म्हणजे या विषयातला तेव्हाचा सगळ्यात दादा माणूस. त्याला न सुटलेलं गणित रामचंद्रन यांनी हातात घेतलं.

कोलॅजन म्हणजे कातडी, हाडं, आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांच्यातलं मुख्य प्रोटीन. आपल्या शरीरात सगळ्यात जास्त असलेलं प्रोटीन हेच. आणि कातडं कमावण्याच्या धंद्यात तर सगळा खेळ कोलॅजनचाच. योगायोग असा की मद्रासमध्ये विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, म्हणजे कोलॅजन जाणणारी माणसं हाकेच्या अंतरावर. नमुन्यांमध्ये कांगारूच्या शेपटीतली कंडरासुद्धा होती!

रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था कामाला लागले.

तिपेडी वेणी

कोलॅजनच्या धाग्यातून क्ष-किरण सोडले की फिल्मवर डाग उमटतात. त्या डागांवरून प्रत्येक अणूचा पत्ता थेट मिळत नाही, फक्त इशारे मिळतात. अमुक अंतराने काहीतरी पुन्हा पुन्हा येतंय, तमुक ठिकाणी वळण आहे, वगैरे. मग तुम्ही मॉडेल बांधायचं आणि ते इशाऱ्यांशी जुळतं का बघायचं.

एक इशारा मात्र रसायनशास्त्राकडून आला होता. कोलॅजनमधले साधारण एक तृतीयांश रेसिड्यू ग्लायसिन असतात. ग्लायसिन हा सगळ्यात छोटा मणी. बाकीच्या मण्यांना बाजूला काही ना काही फांदी असते, ग्लायसिनच्या वाट्याला फक्त एक हायड्रोजन.

एक तृतीयांश! दर तिसरा मणी ग्लायसिन असेल तर? आणि साखळ्या तीन असतील तर? १९५४ मध्ये रामचंद्रन आणि कर्था यांनी 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्याच वर्षी ती सुधारली. तीन साखळ्या नुसत्या शेजारी उभ्या नाहीत, एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत. आजीने घट्ट घातलेली तिपेडी वेणी डोळ्यासमोर आणा. तीन पेड जिथे आत भेटतात तिथे जागा इतकी कमी की फक्त ग्लायसिनच मावतो. म्हणून दर तिसरा मणी ग्लायसिन. म्हणजे कोलॅजनचं अख्खं गुपित दाटीवाटीचं आहे.

ही दाटीवाटी फक्त पुस्तकातली नाही. कोलॅजनच्या जीनमध्ये बदल होऊन एखाद्या ग्लायसिनच्या जागी मोठा मणी आला तर वेणी तिथे नीट बसत नाही. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा नावाचा आनुवंशिक आजार आहे. त्यात हाडं इतकी ठिसूळ होतात की किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतात. त्यातल्या बऱ्याच केसेसचं मूळ हेच, एका ग्लायसिनच्या जागी दुसरंच कोणीतरी. एक मणी बदलला आणि लेकराचं हाड मोडलं.

आक्षेप

आता १९५५. रिच आणि क्रिक यांनीही कोलॅजनचं मॉडेल मांडलं. वेणी तीच, तीन पेडांची. पण तपशिलात फरक होता. मद्रासच्या मॉडेलमध्ये दर तीन रेसिड्यूंमागे साखळ्यांना बांधणारे दोन हायड्रोजन बंध होते, केंब्रिजच्या मॉडेलमध्ये एक. दोन बंध बसवायचे तर साखळ्या आणखी जवळ आणाव्या लागतात. आणि तिथेच केंब्रिजने बोट ठेवलं: काही अणूंमधली अंतरं फारच कमी आहेत, हे चालणार नाही.

हा आक्षेप साधा नव्हता. अणूंना आपापली जागा लागते. दोन अणूंमध्ये बंध नसेल तर ते एका मर्यादेपलीकडे एकमेकांत घुसत नाहीत. मॉडेलमध्ये अणू एकमेकांवर चढलेले असतील तर मॉडेल कचऱ्यात, बाकी गणित कितीही सुंदर असो.

पण मर्यादा नेमकी किती? इथे खरी मेख होती. त्या काळी अणूंच्या आकाराचे काही प्रमाणित आकडे वापरात होते. त्यांची बेरीज करायची आणि म्हणायचं, याच्या आत येऊ नये. पण खऱ्या रेणूंमध्ये अणू खरोखर तेवढेच लांब राहतात का, हे या कामासाठी कोणी पद्धतशीर मोजून पाहिलेलं नव्हतं.

चौथी सीट

मुंबई लोकलवाल्यांना हे लगेच कळेल. बाकावर किती लोक बसतात? नियमाने तीन. पण संध्याकाळी सहाला दादरला डब्यात बघा, चौथी सीट असतेच. चौथा माणूस अर्धा बाहेर, पण बसलेला असतो. पाचवा मात्र बसत नाही, काहीही केलं तरी. म्हणजे मर्यादा एक नसते, दोन असतात. आरामाची एक आणि शेवटची एक. आणि शेवटची मर्यादा कळायची असेल तर नियमावली वाचून उपयोग नाही, डब्यात शिरून मोजावं लागतं.

रामचंद्रन आणि त्यांचे विद्यार्थी व्ही. शशिशेखरन यांनी हेच केलं. तोवर अमिनो ॲसिड, छोटी पेप्टाइडं आणि तशाच इतर संयुगांच्या स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या होत्या. त्या गोळा केल्या, आणि बंध नसलेले दोन अणू प्रत्यक्षात किती जवळ आलेले दिसतात ते मोजत गेले. कार्बनजवळ कार्बन, कार्बनजवळ ऑक्सिजन, हायड्रोजनजवळ हायड्रोजन. चार प्रकारचे अणू, म्हणून जोड्या दहा प्रकारच्या. प्रत्येक जोडीला दोन आकडे: सर्वसाधारण मर्यादा आणि टोकाची मर्यादा.

कार्बन-कार्बनसाठी ३.२ अँगस्ट्रॉम, टोकाला ३.०. कार्बन-ऑक्सिजनसाठी २.८, टोकाला २.७. हायड्रोजन-हायड्रोजनसाठी २.०, टोकाला १.९. असे वीस आकडे. एका छोट्या तक्त्यात मावतात.

निष्कर्ष काय निघाला? आधी मानलं जात होतं त्यापेक्षा अणू बरेच जवळ येऊ शकतात. चौथी सीट खरी आहे. 'फार जवळ' हा शब्द आता कोणाच्या मतावर अवलंबून राहिला नाही, त्याला आकडा मिळाला.

दोन कोन आणि तीन बेटं

इथे थांबले असते तरी चाललं असतं, कारण त्यांना फक्त कोलॅजनचं मॉडेल तपासायचं होतं. पण हातात तक्ता आल्यावर प्रश्न मोठा झाला. कोलॅजन सोडा, कुठल्याही प्रोटीनची साखळी कशी कशी वळू शकते?

यात एक सोय होती. दोन मणी जोडणारा पेप्टाइड बंध सपाट असतो, पत्त्याच्या पानासारखा. तो सहसा पिळवटत नाही. म्हणजे प्रत्येक रेसिड्यूजवळ साखळीला फिरायला दोनच बिजागऱ्या उरतात. त्यांच्या कोनांची नावं फाय आणि साय. दोन कोन कळले की त्या ठिकाणी साखळीचा आकार कळला.

मग काम असं. फाय उणे १८० पासून अधिक १८० पर्यंत. साय तसंच. प्रत्येक जोडीसाठी अणूंच्या जागा काढा, सगळी अंतरं मोजा, तक्त्याशी ताडा. एक जरी अंतर मर्यादेच्या आत आलं तर ती जागा बाद.

कोड लिहिणाऱ्यांना हसू आलं असेल. दोन नेस्टेड लूप आणि आत एक इफ! दहा-दहा अंशांच्या टप्प्याने गेलं तर ३६ गुणिले ३६, म्हणजे १२९६ जागा. तुमचा फोन हे पापणी लवायच्या आत करेल. पण मद्रासमध्ये त्या वेळी या कामासाठी संगणक नव्हता. टेबलावरचं आकडेमोडीचं यंत्र, कागद, आणि सी. रामकृष्णन नावाचा चिकाटीचा विद्यार्थी. प्रत्येक अणूचे तीन सहनिर्देशांक, प्रत्येक जोडीचं अंतर, वर्गमूळं, पुन्हा पुन्हा.

१९६३ मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांचा छोटासा लेख 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'त आला. त्यात एक चौकोनी आलेख होता. आडव्या अक्षावर फाय, उभ्यावर साय. आणि चौकोनाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग बाद! उरली फक्त काही बेटं. वर डावीकडे मोठं बेट, तिथे बीटा शीटसारख्या ताणलेल्या साखळ्या. कोलॅजनही तिथलंच. खाली डावीकडे दुसरं बेट, तिथे पॉलिंगचं अल्फा हेलिक्स. उजवीकडे एक छोटंसं बेट, डाव्या पिळाच्या हेलिक्ससाठी. आणि ग्लायसिनसाठी वेगळा नकाशा, कारण त्याला फांदीच नाही, अडणार कशाला? त्याला फिरायला कितीतरी जास्त मोकळीक.

क्षणभर विचार करा. यात ऊर्जेची अवघड समीकरणं नाहीत, क्वांटम मेकॅनिक्स नाही. एकच नियम: दोघं एका जागी बसू शकत नाहीत. तेवढ्यावरून निसर्गातल्या प्रोटीनच्या वळणांचा नकाशा निघाला.

आणि वेळ बघा. १९६३ मध्ये जगात तपशीलवार माहीत असलेली प्रोटीनरचना जेमतेम मायोग्लोबिनची. केंड्र्यू आणि पेरुट्झ यांना नोबेल मिळून वर्ष झालं होतं. पुढे लायसोझाइम आलं, रायबोन्यूक्लिएज आलं आणि मग रांगच लागली. प्रत्येक नव्या प्रोटीनचे कोन या नकाशावर टाकले की बहुतेक ठिपके त्या बेटांवरच पडायचे. रायबोन्यूक्लिएज सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या गटात एक नाव ओळखीचं आहे: गोपीनाथ कर्था.

मग वाद कोण जिंकलं?

तुम्ही म्हणाल, अरे, पण कोलॅजनचं काय झालं? एक बंध की दोन?

याचं स्वच्छ उत्तर यायला १९९४ उजाडलं. बेला, ईटन, ब्रॉडस्की आणि बर्मन यांनी कोलॅजनसारख्या एका छोट्या पेप्टाइडची स्फटिकरचना १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने सोडवली. तिपेडी वेणी पक्की. आणि साखळ्यांमधला थेट हायड्रोजन बंध दर तीन रेसिड्यूंमागे एकच. म्हणजे त्या मुद्द्यावर केंब्रिज बरोबर.

त्यांनी त्या पेप्टाइडमध्ये मुद्दाम एक ग्लायसिन बदलून तिथे ॲलनिन ठेवलं होतं. ॲलनिन म्हणजे ग्लायसिनच्या जरासा वरचा, एका कार्बनने मोठा. एवढ्याशा फरकाने पेड तिथे थोडे दूर सरकले, थेट बंध तुटले आणि मधल्या फटीत पाण्याचे रेणू येऊन बसले. ठिसूळ हाडांच्या आजारात काय होत असेल, याची ती झलकच.

तर स्कोअर असा. वेणी मद्रासची, बंधांचा हिशोब केंब्रिजचा. पण मला विचाराल तर यातून सगळ्यात मोठी गोष्ट कुठली निघाली? वादाचा निकाल नाही. तो वीस आकड्यांचा तक्ता. आक्षेप आला तेव्हा रामचंद्रन यांनी 'माझं मॉडेल बरोबर आहे' हे सिद्ध करण्यापुरतं काम केलं असतं, तर आज ते कोलॅजनच्या एका तळटीपेत उरले असते. त्यांनी आक्षेपातला प्रश्नच उचलला आणि सगळ्यांसाठी सोडवला. मॉडेलचा एक भाग पडला तरी तक्ता उभा राहिला.

जाता जाता: सीटी स्कॅनमध्ये चित्र जुळवण्याचं जे गणित लागतं, त्यातही रामचंद्रन यांचं १९७१ चं काम आहे, ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबतचं. पण त्यावर वेगळा एपिसोड होईल.

आता पहिला प्रश्न: कोण कोणाजवळ?

१९७१ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवनला प्रोटीन डेटा बँक सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त सात रचना होत्या. हळूहळू रचना वाढल्या आणि एक नवं चित्र रूढ झालं: कॉन्टॅक्ट मॅप.

एकदम सोपं आहे. प्रोटीनचे रेसिड्यू आडवे मांडा, तेच उभे मांडा. मायोग्लोबिनचं असेल तर १५३ बाय १५३ चा चौकोन. जोड्या ११,६२८. प्रत्येक जोडीचं अंतर मोजा. समजा ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर ठिपका, नाहीतर मोकळं. मोजायचं कुठून कुठपर्यंत हेही ठरवावं लागतं. बऱ्याचदा बीटा कार्बन धरतात, ग्लायसिनला तो नसतो म्हणून त्याचा अल्फा कार्बन.

हा नकाशा वाचायला शिकलात की मजा येते. कर्णाला चिकटून जाड पट्टा दिसला की ते अल्फा हेलिक्स, कारण तिथे प्रत्येक मणी तीन-चार घरं पुढच्या मण्याला भेटतो. कर्णाला समांतर रेघ म्हणजे एकाच दिशेने जाणारे दोन बीटा धागे. कर्णाला आडवी छेदणारी रेघ म्हणजे उलटसुलट दिशेचे धागे. आणि कर्णापासून लांब कोपऱ्यात एकटेदुकटे ठिपके? ते सगळ्यात मोलाचे. माळेचे लांबचे भाग कुठे एकत्र आलेत ते हेच सांगतात.

आपल्या इंजिनिअर लोकांना पुढचं लगेच सुचेल. रेसिड्यू म्हणजे नोड, संपर्क म्हणजे एज, हा तर ग्राफ झाला! बरोबर. आणि हे काम कुठे झालं बघा. रामचंद्रन मद्रास सोडून पुन्हा बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत आले आणि तिथे मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट उभं राहिलं. त्याच युनिटमध्ये सरस्वती विश्वेश्वरा यांच्या गटाने १९९९ मध्ये रेसिड्यूंच्या फांद्यांचे गट शोधायला ग्राफचं गणित लावलं, मॅट्रिक्सच्या आयगेन व्हेक्टरवरून. पुढे अख्खं प्रोटीन हे एक नेटवर्क म्हणून पाहिलं. कुठला रेसिड्यू हब आहे, म्हणजे ज्याचे संबंध खूप जणांशी आहेत? तो काढला तर काय कोसळेल? गावात काही माणसं अशी असतात ना, ती एक दिवस नसली तर दहा कामं अडतात. तसंच.

प्रश्न उलटा फिरवला

आतापर्यंत रचना माहीत होती आणि त्यावरून संपर्क काढत होतो. उलटं जमेल का? संपर्क आधी ओळखले, तर त्यावरून रचना?

कल्पना अशी. एकच प्रोटीन माणसात, उंदरात, माशात, बॅक्टेरियात थोड्या थोड्या फरकाने असतं. त्या सगळ्यांच्या माळा एकाखाली एक मांडा. दोन मणी एकमेकांना चिकटून बसलेले असतील, तर एक मोठा झाला की दुसऱ्याला छोटं व्हावं लागतं, नाहीतर मावणार कसं? पुन्हा तीच चौथी सीट! म्हणजे ज्या जागा जोडीने बदलतात, त्या बहुधा शेजारी आहेत. १९९४ मध्ये ग्योबेल, सँडर, श्नायडर आणि व्हॅलेन्सिया यांनी हे तपासून दाखवलं. थोडं जमलं, पण चुका खूप.

कारण? व्हॉट्सॲप फॉरवर्ड. मावशीने आईला पाठवलं, आईने तुम्हाला. मावशीकडे आणि तुमच्याकडे एकच मेसेज आहे म्हणून तुम्ही दोघं थेट बोललात असं नाही. तसंच अ ब ला चिकटलाय, ब क ला, त्यामुळे अ आणि क सुद्धा जोडीने बदलताना दिसतात, जरी ते लांब असले तरी. २००९ मध्ये वाइग्ट आणि सहकाऱ्यांनी थेट संबंध आणि ऐकीव संबंध वेगळे करायची सांख्यिकी पद्धत लावली. २०११ पर्यंत डेबोरा मार्क्स यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलं की नुसत्या माळांच्या यादीवरून काढलेले संपर्क घेऊन प्रोटीनचा आकार बऱ्यापैकी बांधता येतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०१८ मध्ये डीपमाइंडच्या पहिल्या अल्फाफोल्डने संपर्क आहे-नाही एवढ्यावर न थांबता रेसिड्यूंमधली अंतरं किती असावीत याचा अंदाज लावला. २०२० मध्ये दुसऱ्या अल्फाफोल्डने स्पर्धाच गाजवली. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हसाबिस आणि जम्पर यांना अर्धा वाटा मिळाला, उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना, नवी प्रोटीनं घडवण्यासाठी.

आणि तरीही, तो तक्ता

आता वाटेल, एआय आलं, जुनं सगळं म्युझियममध्ये. तसं नाहीये, आणि आजच्या एपिसोडचा खरा मुद्दा हाच.

दुसऱ्या अल्फाफोल्डमध्ये रचना तयार झाल्यावर शेवटी एक पायरी ठेवलेली आहे. अणू एकमेकांवर चढले असतील तर त्यांना हलकेच बाजूला सारायची. आणि २०२४ मध्ये तिसरं अल्फाफोल्ड आलं, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी आपल्याच लेखात मर्यादा म्हणून लिहिलं की मॉडेल कधी कधी एकमेकांत घुसलेले अणू देतं. एवढं मोठं न्यूरल नेटवर्क, आणि पकडलं कशाने? क्रिकने १९५५ मध्ये विचारलेल्या प्रश्नाने. फार जवळ आलेत का?

आज प्रोटीन डेटा बँकेत कोणतीही नवी रचना दिली की तिचा तपासणी अहवाल बनतो. त्यात एक आकडा असतो क्लॅशस्कोअर: दर हजार अणूंमागे किती जोड्या ०.४ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून जास्त एकमेकांत घुसल्यात. आणि त्याच्याच जवळ दुसरा: रामचंद्रन आउटलायर्स, म्हणजे नकाशावरच्या बेटांबाहेर पडलेले रेसिड्यू. आउटलायर असला म्हणजे रचना चूकच असं नाही, कधी कधी प्रोटीन खरंच तसं वाकडं बसतं. पण मग तुम्हाला पुरावा दाखवावा लागतो. उगीच नाही चालत.

रामचंद्रन यांना नोबेल मिळालं नाही. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९९९ मध्ये स्फटिकशास्त्राचं एवाल्ड पारितोषिक मिळालं, आणि २००१ मध्ये ते गेले. पण जगात कुठेही कोणी नवी प्रोटीनरचना तपासायला बसलं की अहवालात त्यांचं आडनाव येतं. ते आडनाव सत्काराला येत नाही, चुका पकडायला येतं. आपल्या कामाने आपल्यामागे इतरांच्या चुका पकडाव्यात, आणि आपल्या स्वतःच्याही, यापेक्षा मोठा मान कुठला असतो मला माहीत नाही.

या आठवड्याचा होमवर्क. फोनवर प्रोटीन डेटा बँक उघडा आणि कोलॅजनची १९९४ ची रचना शोधा, तिचा कोड आहे १ सीएजी. बोटाने फिरवून बघा, तिपेडी वेणी दिसेल. मग दुसरं कुठलंही आवडीचं प्रोटीन घ्या, हिमोग्लोबिन घ्या, इन्सुलिन घ्या, आणि त्याच्या पानावरच्या रंगीत पट्ट्या वाचा. क्लॅशस्कोअर किती, रामचंद्रन आउटलायर्स किती. आणि कोड करणाऱ्यांनी ते दोन नेस्टेड लूप खरंच लिहून बघा. वीस आकडे टाका, ठिपके काढा, आणि बेटं आपोआप वर येताना पाहा. काय आलं ते कमेंटमध्ये टाका.

एपिसोड आवडला तर बायोलॉजी सोडून कॉम्प्युटरला गेलेल्या एका मित्राला आणि कॉम्प्युटरला घाबरणाऱ्या एका बायोलॉजीवालीला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि चौथ्या सीटवाल्याला जरा सरकून जागा द्या!